बिनतेलाच्या करंज्या

आमच्या घराण्यात लग्नाच्या फराळाची कढई पाच सवाष्णी चढवतात. कढईला हळदकुंकू वाहायचं, शेगडीला हात जोडायचे आणि प्रत्येकीनं एक अशा पाच करंज्या तेलात सोडायच्या. त्या पाच वेगळ्या काढून ठेवतात आणि मुलीचं लग्न असेल तर पाठवणीच्या वेळी, मुलाचं असेल तर सून घरात आली की, नवरीच्या ओटीत घालतात. पुढच्या शेकडो करंज्या, शंकरपाळे, अनारसे कुणीही केले तरी चालतात. विधवेनं केले तरी चालतात. खरं सांगायचं तर ते विधवेनंच करावेत अशी सगळ्यांची सोय असते, कारण तिला नटूनथटून बाहेर बसायचं नसतं.

हे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. नवरा होता तोवर त्या पाच जणींत माझं नाव पहिलं असायचं. मी ब्लाउज शिवते, बोटांना दुमडायची सवय आहे, त्यामुळे माझ्या करंजीची मुरड कधी उकलत नाही. दिग्रसपासून महागावपर्यंत आमच्या नात्यात कुठंही लग्न असलं की दोन दिवस आधी मला निरोप यायचा. नवरा गेला आणि पहिलं लग्न आलं ते मोठ्या जाऊबाईंच्या मुलाचं. मी नेहमीसारखी पदर खोचून स्वयंपाकघरात शिरले. जाऊबाईंनी माझा दंड धरला, अगदी मायेनं, आणि मला बाहेरच्या खोलीत खाटेवर नेऊन बसवलं. म्हणाल्या, पाच झाल्या की बोलावते. मी बसले. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, हसणं येत होतं. मग त्यांनी हाक मारली आणि मी आत जाऊन संध्याकाळपर्यंत तळत राहिले. झारा फेकून पुढची एसटी धरायला हवी होती. तेव्हा सुचलं नाही. तो राग पोटातच राहिला, आणि डॉक्टर त्याला पित्ताशयातले खडे म्हणाले.

ऑपरेशन झालं. तेलकट बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. माझी मुलगी नागपूरला नोकरी करते, पुढच्या सुट्टीला ती एअर फ्रायर घेऊन आली. बसमध्ये जागा नव्हती म्हणून तो खोका तिनं मांडीवर धरून आणला होता. यात बटाटे कर, पापड भाज, वांगी भाज, असं तिनं सांगितलं. मला बटाट्यात काडीचाही रस नाही. मला गोड लागतं. डॉक्टरांनी तेल बंद सांगितलं होतं, गुळाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिले गुलाबजाम केले. ते गोट्या झाले. पाकात रात्रभर बुडवून ठेवले तरी सकाळी तसेच, फक्त ओल्या गोट्या. मग जिलबीचं पीठ सोडून पाहिलं, ते जाळीतून खाली गळलं आणि घरभर धूर झाला. तिसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं. जे आपण निखाऱ्यावर भाजतो ते यात होणार, जे तेलात पोहतं ते होणार नाही, एवढं कळायला मला दोन शेर साखर लागली. मग रोडगे केले. आमच्याकडे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, वरची राख झटकून खातात. मशीनमध्ये राख नव्हती, पण पापुद्रा तसाच कडक आला. गरम असतानाच कुस्करून गूळ आणि तूप घातलं आणि ताट घेऊन दारात बसून एकटीनं खाल्लं.

त्यानंतर मी थांबले नाही. नानकटाई केली, स्टीलच्या डब्यात रव्याचा केक केला, केळ्याचे काप गुळात घोळून भाजले. जिनिंगचा हंगाम असला की आमच्या गल्लीत कापसाचं तूस उडतं, ते मशीनच्या मागच्या जाळीत जाऊन बसतं, म्हणून दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती जाळी साफ करायची सवय लागली. करंजीनं मात्र मला दमवलं. आत पंखा असतो. कातणानं कापलेली कड त्या वाऱ्यानं उघडायची आणि सारण विस्कटायचं. मग कातण ठेवून दिलं आणि मुरड घातली. मोहन वाढवलं, ते तुपाचं आणि कडकडीत. वरून आधी दुधाचा हात, मग तुपाचा. आच मधली ठेवली आणि एका वेळी थोड्याच ठेवल्या. जी निघाली तिच्यावर तळलेल्या करंजीसारखे फोड नव्हते, रंग भाजलेल्या पोळीचा होता, पण दातांखाली अशी खुसखुशीत फुटली की ओट्याशी उभ्यानं मी तीन खाल्ल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाले, झाली. आणि त्याच वेळी डोक्यात आलं की यात कढई नाही.

कढई नाही म्हणजे कढई चढवणं नाही. ते नाही म्हणजे पाच सवाष्णी नाहीत. मला बाहेर बसवायला कुणाला कारणच उरत नाही. मुलीचं लग्न पांढरकवड्याच्या मुलाशी ठरलं होतं. तिच्या ओटीत माझ्या हातची करंजी जायला हवी, पहिली, नंतरची नाही, एवढंच मला हवं होतं. कन्यादान मोठे दीर आणि जाऊबाई करणार होते, ते मी मुकाट्यानं मान्य केलं होतं. मुलगी जाऊबाईंना मोठी आई म्हणते, आणि त्यांनी तिचं खूप केलंय, हे खोटं नाही. पण करंजी मी सोडणार नव्हते. वादही करणार नव्हते. मशीनमध्ये करणार होते आणि कुणी काही म्हटलं तर विचारणार होते, तेल कुठं आहे?

फराळाच्या दिवशी जाऊबाई सकाळच्या एसटीनं महागावहून आल्या. सोबत नात्यातल्या दोघी, आणि पोत्यात गुंडाळलेली घराण्याची मोठी कढई. गल्लीतल्या दोघींना त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं, त्याही आल्या. समोरच्या घरातली बाई मात्र तिच्या दारातूनच बघत होती. तिचा नवरा कोरोनात गेला, त्यामुळे तिला बोलावणं नव्हतं. मी तोवर नानकटाईचे दोन डबे भरले होते, शंकरपाळे गार होत होते आणि भरलेल्या कच्च्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्या होत्या. जाऊबाईंनी ओट्यावर नजर फिरवली.

"कढई कुठी हाये?"

"कढई नाई लागत," मी म्हणाले. "तेलच नाई तं सवाशिनी कायले पाहिजेत?"

त्या हुशार बाई आहेत. आदल्या दिवशी चाखून बघायला मी थोड्या करंज्या भाजल्या होत्या, त्यातली एक त्यांनी उचलली, खाल्ली, चांगली लागते म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण ही तळलेली नाही, भाजलेली आहे, आणि भाजलेली करंजी ओटीत घालत नाहीत. म्हणजे माझी पळवाट त्यांनी एका घासात बंद केली. तेल नाही म्हणून सवाष्णी नकोत, तर तेल नाही म्हणून करंजीही नको. मी म्हटलं, असा नियम कुणी सांगितला. त्या म्हणाल्या, तुझा नियम तरी कुणी सांगितला. मला भयंकर राग आला.

शेवटी त्यांनी विहीणबाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला. विहीणबाई गोड बोलतात. त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरीही हे मशीन आहे, त्यातल्या करंज्या त्यांना चालतील, ओटीतही चालतील, फक्त मशीन सवाष्णींच्या हातून सुरू करा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. फोन ठेवला तेव्हा जाऊबाईंचा चेहरा उजळला होता. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी माझ्यासाठी वाट काढली. "पाह्य, तुह्या मनासारखं झालं," त्या म्हणाल्या. "तुही मशीन, तुह्याच करंज्या. फक्त तू जराशी भाईर बस."

पुन्हा तेच. या खेपेला माझं स्वतःचं घर होतं आणि मशीनही माझं होतं. लग्न तोंडावर होतं, विहीणबाईंशी पहिलाच वाकडा शब्द व्हायला नको होता. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसले. मुलगी माझ्यामागे आली. तिनं दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "आई, मले ओटीच नको. आपन रजिस्टर लग्न करून टाकू."

"तुले नको असंल," मी म्हणाले. "मले पाहिजे."

तिला बरं वाटावं म्हणून ती बोलली असेल, पण मला ते लागलं. तिला सगळं सोडून देणं सोपं होतं. तिला कुणी कधी दाराबाहेर बसवलं नव्हतं. ज्याला आत जायचं असतं त्याला ते घरच मोडून टाकू म्हटलं तर त्याचं काय समाधान होणार?

आतून टीं असा आवाज आला. मग पुन्हा टीं. एकूण पाच वेळा. मला कळेना की एका बटणाला पाच वेळा का दाबताहेत. नंतर समजलं की प्रत्येकीनं आपापल्या हातानं सुरू करायचं म्हणून प्रत्येकीनं तेच एक बटण दाबलं, आणि ते आच वाढवायचं बटण होतं. शेवटच्या दाबण्याला आच टोकाला गेली होती. सुरू करायचं बटण कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून दाबलं गेलं असावं, कारण पंखा फिरू लागला. आणि लगेच टिनाच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतड आवाज सुरू झाला.

त्या पाच जणींत मशीन कधी कुणी चालवलं नव्हतं. त्यांनी त्याची पूजा कढईची करतात तशीच केली होती. कढईत आत हळदकुंकू वाहतात, अक्षता टाकतात, झेंडूची पाकळी ठेवतात. तेल तापेपर्यंत ते सगळं तळाशी निवांत असतं. इथं त्यांनी मशीनच्या टोपलीत हळद, कुंकू, मूठभर अक्षता आणि पाकळ्या घातल्या, त्यावर माझ्या पाच करंज्या ठेवल्या आणि टोपली आत ढकलली.

जळका वास आला तशी मी उठले. जाऊबाई दारातच म्हणाल्या की अजून येऊ नको. मी त्यांना बाजूला सारलं, वाकले आणि टोपली खसकन ओढली. पंखा थांबायला क्षणभर लागतोच. त्या क्षणात आतलं सगळं कुंकू बाहेर आलं. ओट्यावर, भिंतीवर, जाऊबाईंच्या नाकावर, गल्लीतल्या बाईच्या चष्म्यावर, आणि मी सगळ्यात जवळ वाकलेली म्हणून सगळ्यात जास्त माझ्या तोंडावर. कपाळ, पापण्या, ओठ. मी थुंकले आणि बटण बंद केलं. एक पाकळी वरच्या तारेला चिकटून जळत होती. करंज्या लालभडक झाल्या होत्या आणि त्यांच्या मुरडीत अक्षता रुतून बसल्या होत्या.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, मी स्वतः हसायच्या बेतात होते. पण त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या. महागावहून आलेल्या एकीनं हात जोडले. जाऊबाईंचे डोळे भरून आले.

"देवीनंच लावलं," त्या म्हणाल्या. "तिनंच तुले आत घेतलं. आता पहिली तूच टाक, बाई. देवीची आज्ञा हाये."

आता गप्प बसले असते तर मला हवं ते सगळं मिळत होतं. मान खाली घालून टोपली पुसायची, पहिली करंजी ठेवायची, आणि ही गोष्ट पुढं लग्नालग्नात कौतुकानं सांगितली गेली असती. विहीणबाईंनाही आवडली असती. क्षणभर मोह झाला, नाही असं नाही. पण मग मला खाटेवर बसवलं होतं तो दिवस आठवला. त्या दिवशी देवी कुठं होती? आणि उद्या समोरच्या बाईच्या घरी लग्न निघालं तर तिनं काय करायचं? कुठल्या तरी पंख्यानं तिच्या तोंडावर कुंकू उडवावं म्हणून वाट बघत बसायचं? हे मी देवीच्या नावावर घेतलं असतं तर ते माझं कधीच झालं नसतं.

मी म्हणाले, "बाई, पंख्यापुढं भुकटी ठेवली, तं ते उडनारच. देवीले मधात आनू नका. मी आता हे कुंकू धुऊन टाकतो अन् मंग पहिली करंजी टाकतो. आज्ञा हाये म्हनून नाई. मी तिची आई हाये म्हनून."

मोरीत जाऊन साबणानं तोंड धुतलं. कुंकू लवकर निघत नाही. मी घासत राहिले, कपाळ चुरचुरायला लागलं, आरशात बघून खात्री केली की ठिपकाही राहिला नाही. मग तशा कोऱ्या कपाळानं स्वयंपाकघरात परत आले.

मशीन तेव्हा वापरण्यासारखं नव्हतं. मी प्लग काढला, जाऊबाईंनी आणलेल्या पोत्यातून घराण्याची कढई काढली, गॅसवर ठेवली आणि तेल ओतलं. महिनाभर बिनतेलाची वाट शोधत होते आणि शेवटी तेलापाशीच येऊन उभी राहिले. पण या वेळी मी आडोसा धरून उभी नव्हते. गल्लीतली चष्मेवाली म्हणाली की तिला घरी काम आहे, आणि चप्पल घालून गल्लीतल्या दुसरीलाही घेऊन गेली. त्यांना कुणी थांबवलं नाही. जाऊबाईंनी कढईला बाहेरून हळदकुंकू लावलं, ते मी लावू दिलं.

फडक्याखालची एक करंजी घेतली.  कडेनं सोडली. ती बुडाली, वर आली आणि तिच्याभोवती तेल फसफसलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. खूप बरं वाटलं, एवढं बरं मला नवरा गेल्यापासून वाटलं नव्हतं.

जाऊबाईंनी नाकावरचं कुंकू पदरानं पुसलं. मग जवळ आल्या, कढईत डोकावल्या आणि म्हणाल्या, "तेल जास्त तापलं. गॅस कमी कर." मी कमी केला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "एक मी टाकू काय?"

"टाका ना," मी म्हणाले. "तुमची बी पोरगीच हाये ते."

त्यांनी दुसरी टाकली. महागावच्या एकीनं तिसरी टाकली. तिच्या सोबतीची मात्र हात जोडून उभीच राहिली, ती देवीच्या बाजूनं होती आणि अजूनही आहे. चौथी माझ्या मुलीनं टाकली, नवरीनं स्वतःच, आणि तिचं बोट भाजलं. पाचवी मीच टाकली.

लग्न झालं. रुखवतात नानकटाई होती, शंकरपाळे होते, मशीनमध्ये आधी भाजलेल्यांतल्या उरलेल्या करंज्या होत्या. विहीणबाईंना सगळी हकीकत आधीच कळली होती. त्यांनी एक नानकटाई तोंडात टाकली आणि आच किती ठेवली एवढंच विचारलं. माझ्याशी त्या जपून बोलतात. नात्यात कुणी कुणी अजून म्हणतं की बाईनं लेकीच्या लग्नात अपशकुन केला. मुलीला साधी सर्दी झाली तरी कुणाचा तरी फोन येतो. मी सांगते, हो, माझ्याच करंजीनं झाली.

मशीन मी पूर्ण उघडून त्याच ब्रशनं साफ केलं. टोपलीच्या जाळीला गुलाबी झाक राहिली ती राहिलीच. परवा समोरची बाई आली. तिच्या मुलाचं लग्न ठरलंय. इकडचं तिकडचं बोलली, रोडगे खाल्ले, आणि निघताना दारात थांबून म्हणाली की मशीन दोन दिवस देशील का, म्हणजे कढईचा प्रश्नच येणार नाही, कुणाला काही बोलावंच लागणार नाही. तिची नजर जमिनीकडे होती.

मी मशीन फडक्यानं पुसून तिच्या हातात दिलं.

"ने," मी म्हणाले. "नानकटाई कर, शंकरपाळे कर. पन पहिली करंजी कढईतच टाकजो. तुह्या हातानं. मी येतो सोबत."